पाहण्याआधीच पाहिलेला चित्रपट

चित्रपटाच्या मध्यंतरात प्रेक्षकगृहाबाहेर चहाचा पेला हाती घेऊन उभ्या असलेल्या एखाद्या सद्गृहस्थाला 'कसा काय वाटतो?' असे विचारून पाहावे. बहुधा उत्तर मिळते, 'ठीक आहे, पण अपेक्षेएवढा नाही.' उत्तर देणाऱ्याची समजूत अशी की आपण चित्रपटाविषयी मत दिले. वस्तुतः त्याने आपल्याविषयीच काहीतरी सांगितलेले असते. घरून निघताना त्याने मनात एक चित्रपट तयार करून आणला होता, त्याच्याशी पडद्यावरचा चित्रपट जुळला नाही, एवढाच त्या वाक्याचा अर्थ. पडद्यावरचा चित्रपट चांगला की वाईट, हे त्यावरून कळत नाही. आम्ही स्वतः हे वाक्य आजवर किती वेळा उच्चारले असेल याची गणती नाही, आणि म्हणूनच त्याची थोडी झडती घ्यावी असे मनात आले.

'ईक्ष्' म्हणजे पाहणे. या संस्कृत धातूपासून मराठीत शब्दांचे एक मोठे कुटुंबच नांदते आहे. प्रेक्षक त्यातला, परीक्षा आणि समीक्षा त्यातल्या, प्रतीक्षा त्यातली, आणि अपेक्षा व उपेक्षा या बहिणीही त्यातल्याच. 'अप' या उपसर्गाचा एक अर्थ 'दूर' असा आहे. म्हणजे अपेक्षा करणारा मनुष्य मुळात समोर न पाहता दुसरीकडे कोठेतरी पाहत असतो. व्युत्पत्तीवरून सिद्धान्त उभारणे धोक्याचे असते हे आम्ही जाणतो. शब्द जन्मापेक्षा व्यवहारानेच अर्थ कमावतात. तरीही चित्रपटगृहातील अंधारात बसून ज्याने समोरच्या पडद्यावर दुसराच चित्रपट शोधला आहे, त्याला या शब्दाचे मूळ कळल्यावर थोडे ओशाळल्यासारखे होईल. आम्हांस झाले.

प्रसंग २०१५ सालचा. त्या वर्षीच्या दिवाळीत 'कट्यार काळजात घुसली' हा चित्रपट प्रदर्शित झाला. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या गावांत मराठी चित्रपट कसा येतो हे वाचकांना ठाऊकच आहे. तो शुक्रवारी येऊन आठवडाभर राहत नाही. मंडळाचे चार उत्साही कार्यकर्ते वितरकाच्या मागे लागतात, एखाद्या रविवारी सकाळचा एक खेळ ठरतो, घरोघर दूरध्वनी जातात, आणि जी कुटुंबे एरवी केवळ गणेशोत्सवात आणि लग्नकार्यांत भेटतात ती जरीकाठी नेसून सकाळी नऊ वाजता चित्रपटगृहाच्या पायऱ्यांवर उभी राहतात. आम्ही ग्वाल्हेरचे. हद्दूखाँ-हस्सूखाँची नावे येथील मराठी घरांत आजोबा-पणजोबांच्या नावांसारखी घेतली जातात. कृष्णराव शंकर पंडितांचे गाणे समोर बसून ऐकलेली माणसे आमच्या पिढीत पुष्कळ. अशा गावात दोन गायकी, त्यांतील स्पर्धा आणि तीतून उपजणारा द्वेष यांवरचा चित्रपट येणार, म्हणजे अपेक्षेला काय तोटा! आठ-दहा दिवस घरात दुसरा विषय नव्हता. आमच्या चौदा वर्षांच्या नातीला आम्ही जेवताना, झोपताना, शाळेत सोडताना एकच सांगत होतो, की 'कट्यार' म्हणजे वसंतराव देशपांडे, आणि वसंतराव म्हणजे काय ते तुला काय कळणार.

चित्रपट सुरू झाला. कट्यारच आपली कथा सांगू लागली. पंडित भानुशंकरांच्या भूमिकेत शंकर महादेवन आले, खाँसाहेबांच्या भूमिकेत सचिन आले. सभागृह भारावलेले होते, हे आम्ही नाकारत नाही. पण आम्ही काय करत होतो? आम्ही सचिन यांचा गळा पाहत होतो. गाणारा आवाज राहुल देशपांडे यांचा, म्हणजे वसंतरावांच्या नातवाचाच. तो आवाज आणि पडद्यावरील ओठ कोठे जुळतात, कोठे निसटतात, तान घेताना मानेची शीर फुगते की नाही, याची आम्ही जणू तपासनीसाप्रमाणे नोंद घेत होतो. रंगभूमीवर गळा आणि चेहरा एकाच माणसाचा होता, येथे ती दोन माणसे झाली, हे एक वाक्य आम्ही मध्यंतरात तीन निरनिराळ्या परिचितांना ऐकवले. जितेंद्र अभिषेकींच्या मूळ चाली कोठे ठेवल्या आणि शंकर-एहसान-लॉय यांनी नवे काय घातले, याचाही हिशेब चालू होता. नवे पद आले की आम्ही मागे रेलून बसायचो, जुने आले की पुढे सरसावून चुका शोधायचो. तीन तासांच्या आतबाहेरचा हा उद्योग संपला तेव्हा आम्ही दमलो होतो. ज्या नव्या पदांच्या वेळी आम्ही मागे रेललो होतो त्यांतल्याच एकासाठी महेश काळे यांना पुढे राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हेही येथे सांगून टाकतो. पुरस्कारावरून गाण्याची किंमत ठरवू नये हे खरे. परंतु आम्ही ते पद ऐकलेच नव्हते, हे तितकेच खरे.

परतताना ऑटोरिक्षात नात काहीतरी गुणगुणत होती. मध्येच थांबून तिने विचारले, "आजोबा, तुम्हाला नाही आवडला?"

आम्ही म्हणालो, "अगं, हे काहीच नाही. खरं 'कट्यार' तू पाहिलंच नाहीस."

तिचे गुणगुणणे थांबले. घर येईपर्यंत ती रस्त्याकडे पाहत होती. तिला मराठी चित्रपट प्रथमच इतका आवडला होता, हे आम्हांस तिच्या आईकडून दुसऱ्या दिवशी कळले.

या प्रसंगात आमचा अपराध कोणता, असा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात आहे. आमची आवड उच्च होती, हा अपराध होऊ शकत नाही. वसंतरावांचे गाणे थोर होते, हे सांगणेही अपराध नव्हे. पुष्कळ विचारांती जे सापडले ते कबूल करण्यासारखे नाही, तरी करतो. खरे 'कट्यार' आम्हीही पाहिलेले नव्हते.

पुरुषोत्तम दारव्हेकरांचे हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले. त्या वेळी आम्ही ग्वाल्हेरात शिकत होतो. आमचे थोरले काका नागपुरास नोकरीला होते. त्यांनी ते पाहिले आणि सुट्टीत घरी आले की त्याचे वर्णन करीत. वसंतराव रंगमंचावर कसे येत, पहिल्या आलापाला सभागृह कसे स्तब्ध होई, एकाच पदाला किती वेळा 'वन्स मोअर' मिळे. दर वर्षी या वर्णनात काही नवे येई, वन्स मोअरची संख्याही वाढे. पुढे ध्वनिमुद्रिका आल्या, आकाशवाणीवर पदे लागू लागली, ध्वनिफीत घरात आली. काकांचे वर्णन आणि तो आवाज यांच्या मिश्रणातून आमच्या मनात एक नाटक उभे राहिले. त्यात प्रकाश आमच्या आवडीचा, खाँसाहेबांची उंची आमच्या आवडीची, शेजारच्या खुर्चीवर कोणी खोकणारे नाही. १९८३ साली वसंतराव गेले आणि हे मनातले नाटक पुसले जाण्याची भीतीही उरली नाही. पडद्यावरच्या चित्रपटाची स्पर्धा दारव्हेकरांच्या नाटकाशी नव्हती. त्याची गाठ या नाटकाशी होती, आणि या नाटकाला हरवणे कोणत्याही मनुष्यनिर्मित कलाकृतीला शक्य नव्हते.

यात आम्ही एकटे नाही. १९२१ साली बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी एकत्र येऊन 'मानापमान'चा संयुक्त प्रयोग केला. त्या प्रयोगाला बसलेला एकही मनुष्य आज आपल्याला भेटणार नाही. तरीही आपल्या समाजात असे अनेक रसिक भेटतात जे आजच्या कोणत्याही नाट्यसंगीताच्या मैफलीनंतर त्या प्रयोगाच्या आठवणीने उसासा टाकतात. आठवणही वारसाहक्काने मिळते आणि तिच्याबरोबर अपेक्षाही. आपल्यासारख्या दूर स्थायिक झालेल्या घरांत हा वारसा जरा जास्तच असतो. पेशव्यांच्या सरदारांबरोबर जे लोक उत्तरेत आले, गायकवाडांबरोबर बडोद्यास गेले किंवा होळकरांबरोबर इंदुरास, त्यांच्या सात-आठ पिढ्यांनी महाराष्ट्र जितका पाहिला त्याहून अधिक तो ऐकला. पुण्याला पहिल्यांदा गेलेल्या आमच्या कितीतरी आप्तांनी परतल्यावर हेच वाक्य उच्चारलेले आम्ही ऐकले आहे: ठीक आहे, पण अपेक्षेएवढे नाही. मराठी चित्रपट पाहायला आपण जमतो तेव्हा आपण केवळ एका कथेची मागणी करत नसतो. जी भाषा घरात क्षीण होत चालली आहे ती पडद्यावर धडधाकट दिसावी, ज्या घरापासून आपण निघालो ते अजून तसेच उभे असावे, अशी ती मागणी असते. बिचाऱ्या दिग्दर्शकाला याचा पत्ताही नसतो.

अपेक्षेची ही अडचण आजची नाही. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' नाटकाच्या आरंभीच सूत्रधाराला त्याचा सहकारी विचारतो, की भास, सौमिल्लक, कविपुत्र यांच्यासारख्या कीर्तिमंतांची नाटके असताना या आजच्या कालिदासाच्या कृतीला इतका मान कशासाठी? सूत्रधार जे उत्तर देतो त्याचा आशय असा, की जुने म्हणून चांगले आणि नवे म्हणून टाकाऊ असे नसते. जाणते लोक पारखून निवडतात, इतर लोक दुसऱ्याच्या मतावर चालतात. कालिदासाला कोणे एके काळी अपेक्षेच्या न्यायासनासमोर उभे राहावे लागले होते आणि त्याचा प्रतिस्पर्धी भास होता, ही गोष्ट आम्हांस नेहमीच धीर देते. त्या दिवशी ऑटोरिक्षात ती आठवली असती तर बरे झाले असते.

अभिनवगुप्ताने रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतील एक म्हणजे प्रेक्षक आपल्याच सुखदुःखात गुंतलेला असणे. घरी भांडण करून आलेल्या किंवा मुलाच्या लग्नाच्या आनंदात असलेल्या मनुष्याला समोरचा दुष्यंत दिसत नाही. यावर त्याने सांगितलेला उपायही मोठा व्यवहारी आहे: वाद्ये, गान, सजवलेला मंडप यांनी प्रेक्षकाचे मन त्याच्या खाजगी व्यापातून हळूहळू सोडवून घ्यावे. भरताने नाट्यारंभी जो विस्तृत पूर्वरंग सांगितला आहे त्याचा विधी देवतांसाठी असला तरी त्याचा एक परिणाम माणसांवरही होत असला पाहिजे. नांदी संपेपर्यंत मनुष्य घरचा उरत नाही, प्रेक्षक होतो.

आजचा पूर्वरंग म्हणजे चित्रपटाची झलक. ती काही महिने आधी येते, मग गाणी येतात, मग नटनटींच्या मुलाखती, मग पहिल्या तीन दिवसांत किती कोटी जमले याचे आकडे. जुना पूर्वरंग मन रिकामे करीत असे, हा नवा ते भरून टाकतो. चित्रपट सुरू होतो तेव्हा त्यातले सर्वोत्तम विनोद आपल्याला पाठ असतात आणि ते येण्याची आपण वाट पाहत असतो, येतात तेव्हा हसत नाही, 'आला' एवढेच म्हणतो. अभिनवगुप्ताच्या यादीत आठवे विघ्न घालण्याचे धाडस आम्ही करणार नाही. वर सांगितलेल्या विघ्नातच ते बसते. कारण आपली अपेक्षा हीदेखील आपले खाजगी सुखदुःखच असते, फक्त ती रसिकतेचा वेष घालून येते आणि म्हणून ओळखू येत नाही.

यावर कोणी म्हणेल, आणि आमच्या एका वकील स्नेह्याने म्हटलेच, की हे सगळे प्रेक्षकाच्या माथी का? झलक दाखवणारा निर्माता, 'न भूतो न भविष्यति' अशी द्वाही फिरवणारा तो, तिकिटाचे पैसे घेणारा तो, आणि दोष मात्र ज्याने विश्वास ठेवला त्याचा? आक्षेप वजनदार आहे. ज्याने वचन दिले त्याला वचन मागण्याचा अधिकार आपल्याला निश्चित आहे. हसवतो असे सांगून ज्याने कंटाळा दिला त्याच्याबद्दल तक्रार करणे हा अन्याय नव्हे. परंतु आपल्या अपेक्षांपैकी किती अपेक्षा अशा दिलेल्या वचनातून जन्मलेल्या असतात? सुबोध भावे यांनी 'तुमच्या काकांनी पाहिलेले नाटक दाखवतो' असे वचन आम्हांस दिले नव्हते. आपण एकतर्फी करार करतो, त्यावर दुसऱ्याच्या वतीने सहीही आपणच करतो, आणि मग करारभंगाचा दावा लावतो.

हिंदी लोकप्रिय चित्रपटाच्या इतिहासात या दाव्याची उदाहरणे ठळक आहेत. 'संगम' १९६४ साली आला आणि त्यानंतर सहा वर्षे राज कपूर 'मेरा नाम जोकर'च्या मागे होते. सहा वर्षे देश वाट पाहत होता. १९७० साली चित्रपट आला तेव्हा तो जवळजवळ चार तासांचा, दोन मध्यंतरांचा होता, आणि लोकांनी तो नाकारला. राज कपूर कर्जात बुडाले. आम्हांला तो पहिल्या आठवड्यात पाहिल्याचे आठवते. दुसऱ्या मध्यंतरात लोक उठून गेले ते परत आले नाहीत. लोकांना दुसरा 'संगम' हवा होता आणि समोर एक विदूषक आपल्या अपयशांची कहाणी सांगत होता. पुढे अनेक वर्षांनी दूरदर्शनवर, अर्धेअधिक लक्ष पानातल्या जेवणाकडे असताना, त्याचा पहिला भाग पाहिला. शाळकरी मुलगा आणि त्याची शिक्षिका यांची ती गोष्ट आम्हांस इतकी हळवी आणि नेमकी वाटली की हात सुकला तरी ताटावरून उठवेना. चित्रपट तोच होता. तिसरा भाग आम्हांस आजही लांबलेला वाटतो; अपेक्षा गळून पडली म्हणून दोष गुण होत नाहीत. पण कोणता दोष त्याचा आणि कोणता आमचा, हे आता निदान वेगळे दिसते.

'शोले'चे नशीब याच्या उलट, पण आरंभ तसाच. १५ ऑगस्ट १९७५ रोजी तो प्रदर्शित झाला तेव्हा खर्च, तारे आणि सत्तर मिलिमीटरचा पडदा यांची इतकी चर्चा झाली होती की पहिल्या दिवसांत समीक्षक आणि व्यापारी या दोघांनीही मान हलवली. पुढे मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात तो पाच वर्षे चालला. आणि याच 'शोले'ने पाच वर्षांनी आपल्याच दिग्दर्शकाच्या 'शान'ची वाट अडवली. 'शान'मधला शाकाल वाईट खलनायक होता काय? आम्हांस नाही वाटत. तो गब्बर नव्हता, एवढाच त्याचा गुन्हा. आणि गब्बर तरी आला तेव्हा कोणाला ठाऊक होते की हा गब्बर आहे?

येथवर वाचून एखादा वाचक म्हणेल, तर मग अपेक्षाच करू नये, म्हणजे प्रश्न मिटला. हा उपाय आम्हीही काही काळ करून पाहिला आणि त्याच्याविषयी आमचे मत फारसे चांगले नाही. कमी अपेक्षेने आनंद सहज मिळतो, यात शंका नाही. 'अशी ही बनवाबनवी' १९८८ साली आला. आमच्याकडे तो काही वर्षांनी भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटवर पोहोचला. पावसाळ्यातली रात्र, वीज जाऊन-येऊन, कॅसेटवर पांढऱ्या रेघा. कोणालाच काही अपेक्षा नव्हती. घरातील वडीलधाऱ्यांपासून सगळे पोट दुखेपर्यंत हसले आणि आजही त्यातले संवाद लग्नघरात ऐकू येतात. त्याचे दिग्दर्शक आणि एक नट सचिनच, हे आमच्या लक्षात आहे; किंबहुना खाँसाहेबांच्या दाढीमागे आम्हांस मधूनमधून तोच खट्याळ तरुण दिसत होता, हीदेखील २०१५ मधली आमची एक अडचण होती.

परंतु ही निरागस बेफिकिरी एक आणि ठरवून ठेवलेली कमी अपेक्षा दुसरी. आपल्या मंडळांत एक वाक्प्रचार रूढ आहे: 'मराठीच्या मानाने छान आहे.' हे चार शब्द आम्हांस कोणत्याही कठोर टीकेपेक्षा अधिक झोंबतात. त्यात दया आहे. घरातल्या आजारी माणसाने दोन पावले टाकली की आपण टाळ्या वाजवतो, तशा या टाळ्या आहेत. मराठी चित्रपटाच्या पडत्या काळात ही दया समजण्यासारखी होती. २००४ साली 'श्वास'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, 'श्यामची आई'नंतर अर्धशतकाने. तो ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून निवडला गेला आणि त्यासाठी लोकांनी वर्गण्या दिल्या. त्या दिवसांत 'श्वास' न पाहणे म्हणजे कर्तव्यात कसूर होती, आणि पाहून न आवडणे त्याहून मोठी. आम्हांस तो मनापासून आवडला. डोळे गमावणाऱ्या नातवाला जग दाखवायला निघालेला तो आजोबा कोण विसरेल? पण आवडला असे सांगताना आपण चित्रपटाची स्तुती करतो आहोत की वर्गणीची पावती दाखवतो आहोत, असा संशय त्या वेळी मनात येऊन गेला. ज्याच्याकडून काहीच मागायचे नाही असे आपण ठरवतो त्याला आपण माणसातून उठवलेले असते. आईवडील मुलाकडून काही मागत नाहीत तेव्हा मुलाला ते कळते, आणि ते सुखाचे नसते.

म्हणून प्रश्न अपेक्षेच्या उंचीचा नसावा, असे आम्हांस वाटू लागले आहे. उंच अपेक्षेत एक सन्मान आहे. हा मनुष्य काही मोलाचे देऊ शकेल असे आपण त्यातून म्हणत असतो. घात होतो तो अपेक्षा नेमकी झाली की. काहीतरी उत्तम दिसेल असे म्हणून गेलेला मनुष्य डोळे उघडे ठेवतो. वसंतरावांची अमुक तान अमुक जागी दिसेल असे म्हणून गेलेला डोळे मिटूनच जातो. पहिल्या प्रकाराला भरवसा म्हणावे, दुसऱ्याला मागणीपत्र.

हे दोन्ही प्रकार एकाच प्रेक्षागृहात एकदा आम्ही पाहिले. २०१६ च्या उन्हाळ्यात 'सैराट' आला. अजय-अतुल यांची गाणी आधीच लग्नाच्या वरातींत, अगदी आमच्या हिंदीभाषक शेजाऱ्यांच्याही वरातींत, वाजत होती. तरुण मंडळी नाचायच्या तयारीनेच आली होती आणि पूर्वार्धात नाचलीही. चित्रपटाने त्यांना हवे ते सगळे दिले: विहीर, ट्रॅक्टर, बुलेट चालवणारी नायिका, चोरटे प्रेम. मग उत्तरार्धात हळूहळू दिवे मालवावेत तसे ते एकेक काढून घेतले. परक्या शहरातील झोपडी, पाण्याची रांग, संशय, भांडण, मग जरा सावरलेला संसार. आणि शेवटी ते लहान मूल आणि त्याची पावले. पडद्यावर आवाज नाही. ज्या सभागृहात दोन तासांपूर्वी शिट्ट्या होत्या तेथे खुर्चीची करकर ऐकू येत होती. नागराज मंजुळे यांनी अपेक्षा मोडली, असे म्हणणे अपुरे आहे. त्यांनी ती कुंभाराने माती घ्यावी तशी घेतली. प्रेक्षक नाचला नसता तर तो शेवट इतका खोल गेला नसता. जो आनंद आपण मागितला होता त्याच आनंदाचे अपराधीपण त्यांनी आपल्या हाती ठेवले. बाहेर पडताना आमच्या पुढे एक तरुण मित्राला रागाने म्हणत होता, 'असा शेवट करायचा होता तर गाणी कशाला ठेवली?' आम्हांस त्याचा राग आला नाही. त्याचे मागणीपत्र फाटले होते, आणि त्याला अजून कळायचे होते की त्याला काही अधिक मिळाले आहे. कदाचित पुढे कळले असेल, कदाचित नाही. दोन वर्षांनी त्याच कथेची हिंदी आवृत्ती आली, 'धडक' या नावाने. ती आम्ही पाहिली नाही. येथे आमचे मागणीपत्र पुन्हा तयार होते, हे मान्य करतो.

आता नातीकडे वळतो, कारण तिच्याविषयीचे सांगणे अर्धेच राहिले आहे. बारावीनंतर ती शिकायला पुण्यास गेली, तेथेच नोकरीला लागली. एका रात्री तिचा दूरध्वनी आला. म्हणाली, "आजोबा, वसंतराव ऐकतेय. जुनं रेकॉर्डिंग सापडलं." आम्ही विचारले, आज एकदम कसे? ती म्हणाली, एकदम नाही, चित्रपट पाहिल्यापासून अधूनमधून ऐकतेच. त्या दिवशी घरी येऊन आईच्या मोबाइलवर प्रथम ऐकले होते, तुम्हांला सांगितले नाही. "का नाही सांगितलंस?" "तुम्ही म्हणाला असतात, हेही काहीच नाही, समोर बसून ऐकायला हवं होतं."

आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्हीही समोर बसून ऐकलेले नव्हते.

जानेवारी २०२५ मध्ये संक्रांतीच्या सुमारास आम्ही पुण्यात तिच्याकडे होतो. 'संगीत मानापमान' त्याच आठवड्यात प्रदर्शित झाला होता. पुन्हा सुबोध भावे, पुन्हा शंकर-एहसान-लॉय, आणि मागे खाडिलकरांचे १९११ चे नाटक, गोविंदराव टेंबे यांच्या चाली, बालगंधर्वांची भामिनी. तिने आम्हांस न विचारताच तीन तिकिटे काढली. जाताना वाटेत आम्ही १९२१ चा संयुक्त प्रयोग तिला सांगू लागलो, केशवरावांचा धैर्यधर, तिकिटासाठी उडालेली झुंबड. तिने सगळे नीट ऐकून घेतले, दोन-तीन प्रश्नही विचारले. दिवे मंद झाले तेव्हा ती आमच्याकडे झुकली आणि हळूच म्हणाली, "आजोबा, आता संपेपर्यंत काही सांगायचं नाही हं."

आम्ही मान डोलावली आणि चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.